एक सभासद, दोन लॉगिन: ईमेल-पासवर्डच्या जोडीला गूगल आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सार्वजनिक वाचनालयाचं वेब ॲप जँगोमध्ये (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) चालू आहे. सुमारे चारशे सभासद ईमेल आणि पासवर्ड टाकून आत येतात, पुस्तकं राखून ठेवतात, वर्गणी कधी संपते ते बघतात. आता कार्यकारी मंडळाचा आग्रह आहे की गूगल आणि फेसबुकनेही लॉगिन व्हावं, कारण निम्म्या लोकांना पासवर्ड आठवत नाही. जुनी खाती आणि त्यांच्यावरच्या नोंदी जशाच्या तशा राहायला हव्यात. तर टेबलं कशी करायची, कोणतं पॅकेज घ्यायचं आणि सुरक्षेच्या बाजूने काय बघायचं?

आधी सरळ उत्तर. पॅकेज जँगो-ऑलऑथ घ्या, त्यात लॉगिनच्या या सगळ्या पद्धती तयार मिळतात. ओऑथ, म्हणजे गूगलसारख्या दुसऱ्या सेवेकडून परवानगी घेण्याची पद्धत, स्वतः लिहायला बसू नका. सुरुवातीला फक्त गूगल जोडा. फेसबुकचं पुढे बोलतो, पण माझं मत विचाराल तर नको. गूगलचं बटण लावायला एक दुपार पुरते. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि या उत्तराचा मोठा भाग मी तिथेच घालवणार आहे: गूगलकडून आलेला माणूस आणि तुमच्या टेबलातला सभासद एकच आहे, हे तुम्ही कशावरून ठरवणार?

बहुतेक जण म्हणतात, ईमेल जुळला की झालं. मीही एकेकाळी तेच म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी एका शिकवणी वर्गाच्या सराव चाचण्यांच्या साइटला मी फेसबुक लॉगिन जोडलं होतं. कोड साधा होता. फेसबुककडून ईमेल घ्यायचा, त्या ईमेलचा यूजर शोधायचा, सापडला तर त्याला आत घ्यायचं, नाही तर नवा तयार करायचा. टीममधल्या सगळ्यांनी करून पाहिलं, सगळ्यांचं चाललं, कारण आमच्या सगळ्यांच्या फेसबुक खात्याला ईमेल होता. पण नुसत्या मोबाइल नंबरवर फेसबुक खातं उघडलेल्या माणसाचा ईमेल येतच नाही, आणि ज्याचा आहे तोही परवानगीच्या पडद्यावर ईमेलची खूण काढून टाकू शकतो. आमच्या कोडमध्ये अशा वेळी ईमेलच्या जागी रिकामी स्ट्रिंग जायची. पहिला बिनईमेलचा विद्यार्थी आला, रिकाम्या ईमेलचा यूजर सापडला नाही, नवा तयार झाला. दुसरा आला, तेव्हा मात्र सापडला. दुसरा थेट पहिल्याच्या खात्यात गेला, तिसराही तिथेच. शनिवारी रात्री एका मुलीचा फोन आला: "सर, माझ्या नावाच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतंय, आणि मी न दिलेल्या चाचण्यांचे मार्क दिसतायत." लॉग उघडून मोजले तर एका खात्यात सतरा जण होते. कुणाचे मार्क कुणाचे, हे नंतर वेगळं काढता आलं नाही. प्रत्येकाला फोन करून माफी मागितली आणि पुन्हा चाचण्या द्यायला सांगितलं.

हे घडायला कुणी हॅकर लागला नाही. ईमेल ही माणसाची ओळख आहे, या एका समजुतीने ते घडवलं. जँगोच्या मूळ यूजर मॉडेलमध्ये ईमेल रिकामा चालतो आणि तो युनिक (एकमेव) असण्याची अटही नसते, त्यामुळे डेटाबेसनेही आम्हाला अडवलं नाही.

म्हणून आधी रचना. तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन टेबलांत राहू द्या. सभासद म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला माणूस: सभासद क्रमांक, अनामत, वर्गणी, घेतलेली पुस्तकं. खातं म्हणजे ॲपमध्ये लॉगिन करणारा यूजर. आणि लॉगिनची वाट म्हणजे त्या खात्यात शिरायची एकेक पद्धत: पासवर्ड ही एक, गूगल ही दुसरी. वाटांच्या टेबलात प्रत्येक ओळीत दोन गोष्टी लागतात, लॉगिन देणारा कोण (गूगल, फेसबुक) आणि त्याच्याकडचा त्या माणसाचा कायमचा क्रमांक काय. या दोन कॉलमांच्या जोडीवर युनिकची अट घाला. ऑलऑथचं सोशल अकाउंट टेबल नेमकं असंच आहे, म्हणून तर ते घ्या म्हणतो.

सभासद आणि खातं वेगळं ठेवा असं मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण वाचनालयाची नोंदवही मी पाहिली आहे. एका घरातले चार सभासद आणि चौघांच्या अर्जावर वडिलांचा एकच ईमेल. आजोबांच्या अर्जावर पुण्याच्या मुलाचा ईमेल. बालविभागातल्या मुलांचं तर विचारूच नका. एका खात्याखाली अनेक सभासद असू शकतात, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. मुलांच्या बाबतीत याला कायद्याचंही बळ आहे: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बालसभासदाला स्वतंत्र लॉगिन न देता पालकाच्या खात्याखाली ठेवलं, तर तो प्रश्न बराच सोपा होतो.

आता गूगलचा कायमचा क्रमांक. लॉगिन झाल्यावर गूगल जे आयडी टोकन, म्हणजे सही केलेलं ओळखपत्र, देतं त्यात 'सब' नावाची एक किंमत असते. ती त्या गूगल खात्याची आहे, कधी बदलत नाही आणि दुसऱ्या कुणाला दिली जात नाही. ईमेल बदलतो. 'सब' बदलत नाही. ओळख पटवायची ती यावर, असं गूगल स्वतःच सांगतं.

हा फरक कुठे दिसतो? महाविद्यालयाच्या डोमेनवरचे पत्ते घ्या. पदाच्या नावाने काढलेला पत्ता असतो, ग्रंथपाल किंवा परीक्षा विभाग. मॅडमची बदली झाली, त्यांचं गूगल खातं काढून टाकलं, नव्या सरांसाठी त्याच पत्त्यावर नवं खातं काढलं. पत्ता तोच, 'सब' नवा. ईमेलवर जुळवणारा कोड नव्या सरांच्या हाती मॅडमचं सगळं खातं देतो. 'सब'वर जुळवणारा कोड म्हणतो, हा माणूस नवीन आहे. उलटंही घडतं: शेवटचं वर्ष संपलं की कॉलेजचा मेल बंद होतो आणि त्याच गूगलने आत येणारा विद्यार्थी बाहेर अडकतो. म्हणून गूगलने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच दुसरी वाट जोडायला सुचवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जुने चारशे. सुनीताताई नावाच्या एक सभासद आहेत असं समजा. त्यांचं ईमेल-पासवर्डचं खातं आहे. आज त्यांनी गूगलचं बटण दाबलं, गूगलकडून तोच ईमेल आला. तुमच्या वाटांच्या टेबलात हा 'सब' नाही, पण यूजर टेबलात हा ईमेल आहे. जोडायचं की नाही?

इथे दोन बाजूंचा विश्वास तपासावा लागतो आणि लोक एकच बाजू तपासतात. गूगलची बाजू: टोकनमध्ये ईमेल पडताळलेला आहे असं म्हटलंय का? पत्ता जीमेलचा असेल किंवा गूगल वर्कस्पेसच्या डोमेनचा असेल, तर गूगलच्या शब्दावर विसंबता येतं. याहूच्या पत्त्यावर काढलेलं गूगल खातं असेल, तर गूगलने तो पत्ता कधीतरी पडताळला होता एवढंच कळतं, आज तो कुणाच्या हातात आहे ते नाही. सगळेच देणारे गूगलइतके काटेकोर नसतात. २०२३ च्या जूनमध्ये डिस्कोप कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर एडी या संस्थांसाठीच्या लॉगिन सेवेत संस्थेचा ॲडमिन एखाद्या खात्याच्या ईमेलच्या जागी वाटेल तो पत्ता भरू शकत होता, आणि ज्या साइट्स नुसत्या ईमेलवर खातं जुळवत होत्या तिथे दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने नंतर त्यावर उपाय केले. तरी 'सब'वर जुळवणाऱ्या साइट्सना याची झळ मुळातच लागली नसती.

दुसरी बाजू तुमची, आणि तुमच्याकडे हीच कच्ची आहे. तुमच्या टेबलातला ईमेल कधी पडताळला होता का? माझा अंदाज आहे की चारशेपैकी बरेच पत्ते कागदी अर्जावरून टंकले गेले. अर्जावर शून्य होतं की इंग्रजी ओ होतं, कोण सांगणार? एका अक्षराची चूक झाली तर तो पत्ता दुसऱ्याच कुणाचातरी असतो. तो दुसरा माणूस उद्या खऱ्या गूगलने, अगदी प्रामाणिकपणे आत येईल आणि त्याला सुनीताताईंची पुस्तकं, पत्ता, फोन नंबर दिसेल.

यातला मुद्दाम केलेला प्रकार आणखी वाईट आहे. एखाद्याने सुनीताताईंचा ईमेल टाकून तुमच्या साइटवर आधीच खातं उघडून ठेवलं, पासवर्ड स्वतःचा. पडताळणीचा मेल सुनीताताईंना गेला, त्यांनी लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी त्या गूगलने आल्या, ईमेल जुळला, कोडने खाती जोडली. आता खातं त्या वापरतात, पण त्या माणसाचा पासवर्ड अजून चालतो. अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पेव्हर्ड यांनी २०२२ मध्ये अशा 'आधीच पळवून ठेवलेल्या' खात्यांचा अभ्यास मांडला. ७५ नावाजलेल्या सेवा तपासल्या, त्यांतल्या किमान ३५ सेवांमध्ये यातला एखादा तरी प्रकार शक्य होता. तुमच्यासारख्या, पासवर्ड आणि सोशल दोन्ही असलेल्या साइटवर हा प्रकार सगळ्यात सहज बसतो.

म्हणून माझा नियम असा. नुसता ईमेल जुळला म्हणून कधीही आपोआप जोडायचं नाही. पडद्यावर सांगायचं: या ईमेलचं खातं आमच्याकडे आधीच आहे, ते तुमचं असेल तर पासवर्ड टाका. पासवर्ड बरोबर आला की गूगलची वाट त्या खात्याला जोडा. पासवर्ड आठवत नसेल, आणि तुमच्या सभासदांना तो आठवत नाहीच, तर त्या पत्त्यावर एक दुवा पाठवा. मात्र ज्या खात्याचा ईमेल आधी कधीच पडताळलेला नव्हता, तिथे नुसत्या दुव्यावरही भागत नाही, कारण चुकीचा टंकलेला पत्ता ज्याचा आहे त्याच्याकडेच तो दुवा जाईल. तिथे सभासद क्रमांक आणि आणखी काही पुरावा हवा.

आणि इथे तुमच्याकडे असं काही आहे जे मोठ्या कंपन्यांकडेही नसतं: काउंटर. सभासद आठवड्याला नाही तर पंधरवड्याला पुस्तक बदलायला येतोच. ग्रंथपालांना एक पान करून द्या. सभासदाचं कार्ड बघायचं, बटण दाबायचं, आठ अक्षरांचा कोड पावतीवर छापून द्यायचा. कोड एकदाच चालेल आणि सात दिवसांत मरेल. घरी जाऊन सभासदाने गूगलने लॉगिन करायचं, कोड टाकायचा, सभासदत्व जोडलं गेलं. ओळखीचा माणूस, समोर, कार्डासकट. ईमेलच्या कुठल्याही दुव्यापेक्षा हा पुरावा पक्का आहे. आधीच्या एका कामात हीच पद्धत वापरली, तेव्हा सत्तरीच्या पुढच्या सभासदांनाही ती लगेच समजली, कारण पावती हातात घेऊन घरी जायची त्यांना सवय होती.

न पडताळलेलं जुनं खातं अशा रीतीने जोडलं गेलं की तीन गोष्टी लगोलग करा: त्यावरचा जुना पासवर्ड रद्द, चालू असलेली सगळी सेशन्स (आधीच झालेली लॉगिन) बंद, पूर्वी पाठवलेले रीसेटचे दुवे बाद. आधी कुणी शिरून बसलेला असेल तर तो बाहेर पडतो.

ऑलऑथमध्ये ईमेल जुळला की आत घेण्याची सेटिंग मुळात बंदच असते. इंटरनेटवरच्या नमुना कोडमध्ये ती बिनदिक्कत चालू केलेली दिसते. तुम्ही हात लावू नका. चालू प्रकल्पात ऑलऑथ घालताना आणखी एक अडचण येते: त्याचं स्वतःचं ईमेल-पत्त्यांचं टेबल असतं आणि तुमच्या जुन्या यूजर्सच्या ओळी त्यात नसतात. त्या भरणारं मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी छोटी स्क्रिप्ट) लिहा, आणि 'पडताळलेला' हा कॉलम सगळ्यांसाठी 'नाही' ठेवा. ग्रंथपाल किंवा समिती म्हणेल, कशाला लोकांना त्रास, सगळे 'हो' करून टाका. तेवढं ऐकू नका.

आता गूगलकडे जाऊन परत येण्याचा प्रवास. ओऑथ २.० हे ऑक्टोबर २०१२ चं मानक, आरएफसी ६७४९. ते मुळात परवानगी देण्यासाठी आहे: माझे फोटो या ॲपला वाचू दे. 'हा माणूस कोण' हे सांगण्यासाठी त्यावर २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट आलं, आणि तुम्हाला लॉगिनसाठी हवं ते हेच. ब्राउझर गूगलकडे जातो, माणूस संमती देतो, गूगल त्याला एका छोट्या कोडसह तुमच्या पत्त्यावर परत पाठवतं, आणि तुमचा सर्व्हर तो कोड व क्लायंट सीक्रेट (गूगलने तुमच्या ॲपला क्लायंट आयडीसोबत दिलेला गुप्त शब्द) देऊन गूगलकडून आयडी टोकन घेतो. त्या टोकनवर सही गूगलची आहे का, ते तुमच्याच क्लायंट आयडीसाठी काढलंय का, मुदत संपली नाही ना, हे तपासायचंच. 'तुमच्याच क्लायंट आयडीसाठी' ही तपासणी लोक विसरतात. दुसऱ्या कुठल्या तरी ॲपसाठी काढलेलं टोकन तुमच्या दारात आणून दाखवलं तर ते चालता कामा नये.

जाताना 'स्टेट' नावाची एक यादृच्छिक किंमत सेशनमध्ये ठेवायची आणि परत येताना तीच आली का ते बघायचं. ही नसेल तर कुणीतरी तुमच्या सभासदाला स्वतःच्या खात्यात लॉगिन करून बसवू शकतो. त्या बिचाऱ्याला वाटतं आपलंच खातं, आणि तो त्यात आपली माहिती भरतो. मधल्या मध्ये चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये यासाठीचं पीकेसीई हे संरक्षण २०१५ मध्ये मोबाइल ॲपसाठी आलं होतं, आता वेबवरही वापरावं असा शिरस्ता आहे. ऑलऑथमध्ये गूगलसाठी ते एका सेटिंगने चालू होतं. स्कोप, म्हणजे मागायच्या परवानग्या, तीनच मागा: ओपनआयडी, ईमेल, प्रोफाइल. गूगल ड्राइव्ह किंवा कॉन्टॅक्ट्स मागितलेत तर गूगलची पडताळणी मागे लागते आणि सभासदांच्या मनात शंका येते. टोकन साठवूही नका. लॉगिन झालं, काम संपलं.

पहिल्या दिवशी तुम्हाला 'रीडायरेक्ट यूआरआय जुळत नाही' ही चूक दिसेल. रीडायरेक्ट यूआरआय म्हणजे गूगलने माणसाला परत पाठवायचा तुमचा पत्ता. गूगलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप नोंदवायच्या पानावर, नोंदवलेला पत्ता अक्षर न् अक्षर तोच असावा लागतो: शेवटचा स्लॅश, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असणं-नसणं, सगळं. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर चालत नाही, याचं नेहमीचं कारण असं की पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसलेला असतो, एचटीटीपीएस तिथेच संपतं, आणि मागच्या जँगोला वाटतं आपण साध्या एचटीटीपीवर आहोत. मग तो गूगलला पत्ता तसाच देतो. एनजिनएक्सने मूळ प्रोटोकॉलचा हेडर पुढे पाठवायचा आणि जँगोच्या सेटिंगमध्ये त्यावर विश्वास ठेवायला सांगायचं, हा त्यावरचा इलाज. दुसरी चूक 'स्टेट जुळत नाही'. सभासद डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरून निघाला आणि परत आला बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या पत्त्यावर, तर कुकी सोबत येत नाही. एकच पत्ता ठरवा आणि दुसऱ्याला तिकडे वळवा. सेशन कुकीची सेमसाइट सेटिंग (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, हे ठरवणारी) 'स्ट्रिक्ट' केली असेल तरीही हेच होतं, 'लॅक्स' ठेवा.

कन्सोलमधली संमतीची स्क्रीन 'टेस्टिंग' स्थितीत विसरू नका. त्या स्थितीत तुम्ही नावं नोंदवलेले जास्तीत जास्त १०० जणच आत येऊ शकतात, बाकीच्यांना गूगलच अडवतं, आणि वाचनालयात फोन येतो की साइट बंद आहे. शिवाय गूगलने २०१६ मध्येच जाहीर केलं की ॲपच्या पोटातल्या वेबव्ह्यूमधून, म्हणजे ॲपच्या आतच पान दाखवणाऱ्या ब्राउझरमधून, त्यांचं लॉगिन चालणार नाही. वाचनालयाच्या फेसबुक पानावरचा दुवा दाबून आलेला माणूस फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्येच असतो. तिथे गूगलचं बटण अडकतं. त्याला 'हे पान क्रोममध्ये उघडा' अशी ओळ दाखवा.

फेसबुकबद्दल. ईमेल न येण्याचं वर सांगितलंच. त्याखेरीज ॲपची पडताळणी, डेटा काढून टाकण्याच्या विनंतीसाठी वेगळी सोय, दर काही काळाने येणाऱ्या नव्या अटी, हे सगळं एका माणसाने सांभाळायचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा केवळ फेसबुकने लॉगिन करणारे लोक बाकीच्या साइट्सवरही बाहेर उभे होते. चारशे सभासदांच्या वाचनालयाला हा व्याप परवडत नाही. समितीला सांगा की ज्याच्याकडे अँड्रॉइड फोन आहे त्याच्याकडे गूगल खातं बहुधा असतंच. पुढे आयफोनचं ॲप केलंत आणि ॲपलचं लॉगिन लागलं, तर दोन गोष्टी लक्षात असू द्या: ॲपल नाव फक्त पहिल्याच वेळी देतं, तेव्हाच साठवलं नाही तर पुन्हा मिळत नाही. आणि नाव-ईमेल मागितलं की ॲपल साध्या दुव्याने नाही, तर फॉर्म भरून पाठवल्यासारख्या 'पोस्ट' विनंतीने परत येतं, तेव्हा 'लॅक्स' कुकी सोबत येत नाही.

मोबाइल ओटीपीची मागणी पुढे येईलच. भारतात व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर संस्था आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, दर एसएमएसला पैसे पडतात, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. नंबरही ईमेलसारखाच: संपर्काला उत्तम, ओळखीला कच्चा.

गूगल आलं म्हणून पासवर्डची बाजू सोडू नका, कित्येक सभासद तिथेच राहतील. हॅशिंग, म्हणजे पासवर्ड मूळ रूपात न साठवता उलगडता न येणाऱ्या रूपात साठवणं, जँगोवर सोपवा. जँगो ५.२ मध्ये पीबीकेडीएफ२ या हॅशिंग पद्धतीच्या मूळ फेऱ्या १० लाख आहेत, ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या सहा लाखांच्या शिफारशीहून जास्त. आर्गॉन२ ही नवी पद्धत वापरलीत तर आणखी चांगलं. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदला, असल्या अटी काढून टाका. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ पासून त्यांच्याविरुद्धच सांगितलं आहे. लांबी मागा, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. 'हॅव आय बीन पोन्ड'ची सेवा त्यासाठी हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं घेते, पासवर्ड तुमच्या सर्व्हरबाहेर जात नाही.

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालताना केवळ आयपी बघू नका. वाचनालयाच्या वाचनकक्षातले सगळे एकाच वाय-फायवर, म्हणजे एकाच आयपीवर असतात, आणि मोबाइल कंपन्याही कित्येक ग्राहकांना एका आयपीमागे ठेवतात. खातं आणि आयपी अशा दोन्हींवर मिळून मोजा.

पासवर्ड विसरल्याच्या पानावर एक नेमकी खोच आहे. गूगलनेच आलेल्या यूजरला पासवर्ड नसतो, आणि जँगोचं मूळ रीसेट अशा यूजरला गुपचूप वगळतं. पडद्यावर 'मेल पाठवला आहे' दिसतं, मेल येतच नाही, आणि सभासद अर्धा तास स्पॅम चाळत बसतो. अशांना वेगळा मेल पाठवा: तुमचं खातं गूगलने उघडतं, हवा असेल तर इथे पासवर्ड ठेवा. रीसेटच्या दुव्याची मुदत मुळात तीन दिवसांची असते, ती एका तासावर आणा. आणि पडताळणी नुसत्या दुव्यावर क्लिक झाल्याने पूर्ण करू नका, उघडलेल्या पानावर एक बटण ठेवा. काही कार्यालयांची मेल तपासणारी यंत्रणा दुवे स्वतःच उघडून बघते आणि माणसाने मेल वाचण्याआधीच पत्ता पडताळला जातो.

खात्याच्या पानावर सभासदाला जोडलेल्या वाटा दिसू द्या आणि काढताही येऊ द्या, पण शेवटची उरलेली वाट काढू देऊ नका. वाट जोडली किंवा काढली की पडताळलेल्या पत्त्यावर मेल गेलाच पाहिजे.

वाचनकक्षातल्या सामायिक संगणकाकडे मुद्दाम लक्ष द्या. सभासदाने तुमच्या ॲपमधून लॉगआउट केलं तरी ब्राउझरमधलं त्याचं गूगल चालूच असतं. पुढचा माणूस खुर्चीत बसतो, गूगलचं बटण दाबतो, आणि काहीही न विचारता आधीच्याच्या खात्यात जातो. गूगलला पाठवताना 'खातं निवडायला लाव' हा पर्याय जोडला तर निदान यादी दिसते, पण यादीतल्या आधीच्या माणसाच्या नावावर बोट ठेवता येतंच. खरा उपाय त्या संगणकावर आहे: ब्राउझर पाहुण्याच्या मोडमध्ये चालवा, म्हणजे खिडकी बंद झाली की गूगलही गेलं. लॉगआउटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'हा संगणक तुमचा नसेल तर ब्राउझर बंद करा' असंही लिहा.

सुरू करण्याआधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, हे करून बघा. एका ईमेलने पासवर्डचं खातं उघडा, पडताळू नका, मग त्याच ईमेलच्या गूगलने या: ॲपने आत न घेता थांबवलं पाहिजे. काउंटरच्या कोडने जोडा आणि जुना पासवर्ड टाकून बघा: तो चालता कामा नये. तोच कोड दुसऱ्यांदा टाका: तोही चालता कामा नये. ईमेल नसलेले दोन यूजर एकामागून एक तयार करा आणि दोघांची खाती वेगळी आहेत का ते टेबलात डोळ्यांनी बघा. संमतीच्या स्क्रीनवर 'रद्द' दाबून परत या, तिथे सर्व्हर कोलमडल्याची ५०० क्रमांकाची चूक दिसायला नको. हे सगळं मनासारखं झालं की पहिले दोन आठवडे बटण फक्त समितीच्या सदस्यांना दाखवा, आणि काउंटरवरच्या कोडांची वही ग्रंथपालांना हाताने भरायला सांगा: कुणाला दिला, कधी दिला, जोडला गेला का. जे कोड सात दिवसांत वापरले गेले नाहीत, त्या सभासदांना पुढच्या वेळी पुस्तक बदलायला आले की विचारा, कुठल्या पडद्यावर अडलात.